कै. चंद्राक्कांचा बाक

एका जंगलात झाडे मोजता येत नव्हती, मुलांनो, आणि बसायला लाकडी बाक मात्र एकच होता. तो पाणवठ्याच्या चढावर होता. चंद्राक्का नावाची म्हातारी अस्वलीण रोज खालून घागर भरून आणी, तिथे घटकाभर टेके आणि उरलेला चढ चढे. तिचे गुडघे कामातून गेले होते. बाक नसता तर तिच्या घरात पाणीच आले नसते.

एके दिवशी बाकाचा पाय डुगडुगू लागला. तुम्ही म्हणाल, दोन खिळे ठोका की! सुतारपक्षीही तेच म्हणाला. म्हणून तर त्याला बाक समितीवर घेतले नव्हते.

चंद्राक्का समितीच्या अध्यक्षांकडे, रेडोबा गव्याकडे गेली.

"सायेब, पाय कुजलाय. कुनीतरी पडंल."

"आक्का, बाकावर नाव कुणाचं आहे?"

"कुनाचंच न्हाई."

"मग दुरुस्ती कशी करणार? आपल्याकडे बाक कुणाच्या तरी स्मरणार्थ असतो. आधी कुणीतरी जायला हवं. सध्या सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत!" रेडोबा हळहळले.

आक्काला संताप आला, पण घरात पाणी नव्हते. दुसऱ्या दिवशी ती भरली घागर घेऊन बाकावर टेकली. बाक कडाडकन मोडला, घागर फुटली आणि आक्का गडगडत करवंदीच्या जाळीत गेली.

तासाभरात समितीची सभा भरली. दोन मिनिटे शांतता पाळली. जाळीत कुणी डोकावले नाही, कारण तो विषय सभेपुढे नव्हता. संध्याकाळपर्यंत नवा सागवानी बाक तयार. त्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिले: 'कै. चंद्राक्का अस्वले यांच्या स्मरणार्थ'.

तिसऱ्या दिवशी आक्का लंगडत जाळीतून बाहेर आली. बाक पाहून तिला रडूच फुटले. ती टेकणार, इतक्यात रेडोबा धावत आले.

"आक्का, विचार करा! तुम्ही जिवंत निघालात तर बाक काढावा लागेल."

आक्काने बाक हलवून पाहिला. जागचा हलला नाही.

"मेलेल्यानं बसलं तर चालतंय का?"

रेडोबांनी नियम चाळले. "मनाई दिसत नाही."

"मग मेले मी," म्हणत आक्का बसली.

तेव्हापासून ती रोज पाणी भरते आणि निवांत टेकते. येणारेजाणारे हात जोडतात. परवा तिने रेडोबांना सांगितले, पाणवठ्याची पायरी निसटली आहे, कुणाचा तरी जीव जाईल. रेडोबांनी तिला प्रेमाने समजावले, "आक्का, मयतांच्या तक्रारी आम्ही घेत नाही."

तात्पर्य: सार्वजनिक बाक मजबूत हवा असेल, तर जिवंत असल्याचा हट्ट धरू नये.