गाडी बिघडली कुणाच्या आठवड्यात?

सोमवारी सकाळी महादेवाचं दर्शन झालं, की देवळासमोरच्या लिंबाखाली गाडीची बदली व्हायची. थोरले शिवमूर्ती किल्ली द्यायचे, धाकटे राजशेखर किल्ली घ्यायचे. पुढच्या सोमवारी उलटं. जिंतूरच्या बाजारात एकाचं कापडाचं दुकान, दुसऱ्याचं बी-बियाण्याचं. दुकानं समोरासमोर, पण भाऊ आठवड्यातून एकमेकांशी बोलायचे ते एवढंच.

"गाडी कशी हाय?"

"फस्क्लास."

आता ही गाडी फस्क्लास असणं शक्यच नव्हतं. अप्पा, म्हणजे या दोघांचे वडील, तीन वर्षांपूर्वी गेले. घर वाटलं, दुकान वाटलं, शेत वाटलं. गाडी काही मधोमध कापता येईना. शेवटी मामांनी निवाडा दिला, "आठ-आठ दिवस वापरा. ज्याच्या आठवड्यात बिघडंल, त्यानं दुरुस्त करायची." मामा एरवी शहाणा माणूस, पण इथं त्यांचं चुकलं. त्या दिवसापासून गाडी कुणाच्याच आठवड्यात बिघडली नाही.

म्हणजे बिघडायची रोजच. पण सोमवारपर्यंत कळू द्यायचं नाही, एवढं पथ्य दोघांनीही पाळलं. हॉर्न गेला, तर गल्लीत गाडी हळू घ्यायची आणि सोमवारी किल्ली देऊन मोकळं व्हायचं. वायपर तुटला, तर तो सुतळीनं बांधायचा. पेट्रोलची टाकी झिरपायला लागली, तेव्हा राजशेखरनं तिला कपड्याचा साबण चोळला. शिवाय शिवमूर्तींनी स्वतःची बॅटरी घेतली होती. ती ते आपला आठवडा संपला की काढून घरी न्यायचे आणि जागेवर अप्पांच्या वेळची म्हातारी बॅटरी बसवायचे. राजशेखरनं त्यावर तोड म्हणून स्टेपनी घरी न्यायला सुरुवात केली.

एवढं असूनही दोघांचा जीव त्या गाडीवर होता, हे खोटं नाही. अप्पांची गाडी! दोघांनाही ती एकट्याला हवी होती. कागदावर नाव आपलंच असणार, अशी दोघांचीही पक्की खात्री होती. खात्री इतकी पक्की, की कागद उघडून बघायचं धाडस तीन वर्षांत एकालाही झालं नाही.

मग गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली. परभणीला नेऊन तपासणी करून घ्यायची, नाहीतर रस्त्यावर आणायची नाही, असा नियम. तपासणीची तारीख मिळाली ती नेमकी सोमवारची.

"आज तुझा आठवडा हाय, दादा," राजशेखर देवळासमोर म्हणाला.

"माझा काल संपला की. तुझा लागला आज."

"किल्ली घेतल्याबिगर कसा लागंल?"

पंधरा मिनिटं असं चाललं. पुजारी आरती संपवून बाहेर आले, तरी हे तिथंच. एकानं नेली तर तो परस्पर आपलं नाव लावून घेईल, ही भीती दोघांनाही होती. अखेर दोघांनीही जायचं ठरलं. शिवमूर्ती बॅटरी घेऊन आले, राजशेखर स्टेपनी घेऊन आला आणि तीन वर्षांनी गाडी पहिल्यांदाच पुरी झाली.

शिवमूर्ती चालवायला बसले. राजशेखर मुद्दाम मागं बसला, मालकासारखा. वाटेतलं बोरी गाव येईपर्यंत कुणी चकार शब्द बोललं नाही. फक्त समोर म्हशी आल्या, की शिवमूर्ती खिडकीतून मुंडकं काढून "हो बाजूला!" ओरडायचे. हॉर्न नव्हता ना!

बोरी मागं पडली आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. साधी नाही, पिवळी. फोडणीसारखा वासही सुटला. शिवमूर्तींनी गाडी कडेला घेतली आणि घाईनं उतरले.

"दादा, दार उघड!" मागून राजशेखर ओरडला.

"तुझ्या हातानं उघड की!"

"मागचं एक बी आतून उघडत न्हाई!"

"मला बोलला न्हाईस कधी?"

"तुझ्याच आठवड्यात बिघडलंय, तुला काय बोलायचं?"

शिवमूर्तींनी बाहेरून दार उघडलं. ते त्यांच्याच आठवड्यात बिघडलं होतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. दोघं बॉनेटपाशी आले. रेडिएटरमधून दाट पिवळं काहीतरी उकळून वर येत होतं.

"हे काय रे?"

"हळद," राजशेखर जरा खाली बघून म्हणाला. "पाणी गळायलं होतं. लिंबाजी मेस्त्री मनला, चार चमचे हळद टाका, भोक बुजतंय. मागल्या महिन्यात टाकली."

शिवमूर्तींनी पुन्हा बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मी बी टाकली. परवा."

"किती?"

"तुझी वहिनी मनली, चमच्यानं काय होतंय. वाटीभर टाकली."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. रेडिएटरचं भोक तर बुजलं होतंच, पण आतल्या साऱ्या नळ्याही बुजल्या होत्या. शेजारच्या सोयाबीनमधून एक बाई पाण्याची कळशी घेऊन आली. तिनं आत डोकावलं आणि विचारलं, "वरण करायलाव का काय, भाऊ?" राजशेखरला हसू आवरेना. शिवमूर्तींनी आधी मिशीवर हात ठेवून पाहिला, पण तेही फुटले. तीन वर्षांत दोघं एकत्र हसले ते त्या दिवशी, बोरीच्या पुढं, हळदीपायी.

पाणी ओतत, थांबत, दोघं परभणीला पोहोचले. आरटीओबाहेरच्या एजंटनं कागदाची पिशवी मागितली. अप्पांनी बांधलेली गाठ शिवमूर्तींनी सोडली. दोघंही पिशवीवर वाकले.

"मालक कोण?" एजंटनं विचारलं.

"मी," दोघंही म्हणाले.

एजंटनं कागदाकडे पाहिलं, मग दोघांकडे. "मग ह्या महादेवी नागनाथ कोण हायत?"

शिवमूर्ती खुर्चीवर बसले. राजशेखरला बसायला खुर्ची नव्हती, तो भिंतीला टेकला.

"अक्का," तो कसाबसा म्हणाला.

महादेवीअक्का दोघांची थोरली बहीण. परभणीतच दिलेली, पंधरा मिनिटांवर घर. दोघं दारात उभे राहिले, तेव्हा अक्का तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं, पण उठली नाही.

"शरणार्थ, अक्का."

"शरणार्थ. आज दोघं संगट? कोण गेलं?"

शिवमूर्तींनी गाडीचा कागद पुढं केला. अक्कानं चष्मा लावला आणि मान डोलावली. "हां. माझीच हाय गाडी. घेताना अप्पांनी माझी सही घेतली होती."

"तुला माहीत होतं? मग वाटणीच्या वक्ताला बोलली का न्हाईस?"

"इचारलं का मला कुणी? हक्कसोडीवर सही करायला बोलवलात, आले. घर लिहिलं होतं, दुकान लिहिलं होतं, शेत लिहिलं होतं. मी नीट वाचून सही केली. गाडी त्यात नव्हती." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "अप्पा मनले होते, पोरी, पुढंमागं तुला न्यायला कुणी आलं न आलं, गाडी तरी तुझी असू दे. मी हसले होते तवा."

दोघं तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"तीन नागपंचम्या झाल्या, शिवा. तीन दिवाळ्या झाल्या. बॅग भरून बसायची मी. लय वाईट वाटायचं रे!"

"मला वाटलं, राजाचा आठवडा हाय, राजा आणंल," शिवमूर्ती पुटपुटले.

"आन मला वाटलं, दादा आणंल," राजशेखर म्हणाला.

दोघांनाही मनापासून लाज वाटली. राजशेखरनं तर तांदळाचं सूपच ओढून घेतलं आणि खडे वेचता वेचता चांगले तांदूळही वेचून टाकले. अक्कानं त्याच्या हातावर चापट मारली. "राहू दे. आधी जेवा. मग बघू माझ्या गाडीचं."

जेवण झाल्यावर मालकीण मागच्या सीटवर बसली आणि गाडी तपासणीला गेली. साहेबांनी चक्कर मारली, बॉनेट उघडलं, वास घेतला आणि काही न बोलता यादी लिहायला घेतली. हॉर्न, वायपर, टाकी, रेडिएटर, दिवे, हॅन्डब्रेक. "हे सगळं करून पुढच्या सोमवारी आणा."

यादी बघताच सकाळी दोघांची असलेली गाडी एकाचीही राहिली नाही.

"मालकीण अक्का हाय," शिवमूर्ती म्हणाले.

"कागदच हाय की तसा," राजशेखरनं दुजोरा दिला. तीन वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"बरं," अक्का म्हणाली. "मग आपापलं सामान काढून घ्या. बॅटरी कुणाची? स्टेपनी कुणाची? गाडी ऱ्हाईल इथंच, माझ्या दारात. तुमी जावा एसटीनं."

एकानं बॅटरी आणि एकानं स्टेपनी घेऊन भर बाजारात एसटीतून उतरायचं! समोरासमोर दुकानं! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि यादी दोन्ही बाजूंनी धरली.

"आमीच करतो, अक्का. दोघं मिळून."

"करा. आन दर सोमवारी बदली न्हाई करायची. दर सोमवारी मला न्यायला यायचं. एक सोमवार याच्या घरी जेवीन, एक सोमवार त्याच्या."

लिंबाजी मेस्त्रीनं आठवडाभर गाडी खोलून ठेवली. रेडिएटरमधून निघालेली हळद बघून त्यानं कानाला हात लावला, आणि पुन्हा कुणाला तो सल्ला दिला नाही. पुढच्या सोमवारी गाडी पास झाली. आता हॉर्न वाजतो, वायपर फिरतो, बॅटरी आणि स्टेपनी गाडीतच असतात. दर सोमवारी दोघंही भाऊ मिळून परभणीला जातात. एकानं एकट्यानं मालकिणीला आणावं, एवढा विश्वास अजून आलेला नाही.

एकच गोष्ट मात्र तशीच आहे. मागचं एकही दार अजून आतून उघडत नाही. चौथ्या सोमवारी शिवमूर्ती लिंबाजीवर उखडलेच. "अरे, सगळं केलंस, मग दाराचं काय? आमाला दर वक्ताला पळत जाऊन उघडावं लागतंय!"

"माझी काय चूक न्हाई, शेठ," लिंबाजी म्हणाला. "मी तवाच करायलो होतो. मालकिणीचा फोन आला, मनल्या, दाराला हात लावू नको."

बाहेर गाडीत अक्का पदर सावरून शांत बसली होती. तिनं काचेवर टकटक केलं. शिवमूर्ती एका बाजूनं धावले, राजशेखर दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांनीही आपापल्या बाजूचं दार उघडलं.