सोफ्यावरचा माईक

हौशी रेडिओवाल्याने (म्हणजे मी, आमची ही 'हौशी' हा शब्द दातओठ खात उच्चारते) माईक टेबलावरच ठेवावा. मी तो सोफ्यावर आणला. परगावी अंथरुणाला खिळलेला माझा मोठा भाऊ, दादा, रोज संध्याकाळी रेडिओवर यायचा आणि मला त्याच्याशी ऐसपैस बसून बोलायचं होतं. माझा आवाज रेडिओतून कॉम्प्युटरमध्ये, तिथून इंटरनेटवरून थेट दादाच्या उशाशी, शिवाय आमच्या रेडिओवाल्यांच्या ग्रुपवर जे कोणी असतील त्या सगळ्यांच्या कानांत. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. अगदी सोपं.

त्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तो ठेवून मी मटकन सोफ्यावर बसलो.

"काय म्हणाल्या वहिनी?" हिने विचारलं.

"डॉक्टरांनी हात टेकले. फार तर महिनाभर. दादाला यातलं काही कळता कामा नये, अशी शपथ घातलीय."

"तुमच्या पोटात राहील का ते?"

"माझ्या तोंडून अक्षर फुटणार नाही!" मी गरजलो. (रेडिओवाल्याला हळू बोलता येत नाही.)

दादा अजून आला कसा नाही, म्हणून उठलो, तर खालून माईक निघाला. मी बटणावरच बसलो होतो.

बटण सुटताच दादाचा आवाज आला. "ऐकलं रे सगळं. मला ठाऊकच होतं. तुझ्या वहिनीला कळू नये म्हणून मीच गप्प होतो. आता ती इथे शेजारीच बसलीय." मागे वहिनीचे हुंदके ऐकू येत होते. "बरं झालं. आता चोरून रडायला नको आम्हाला."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. माईक घट्ट धरला आणि जन्मात बोललो नव्हतो ते बोललो. बाबा गेल्यावर तूच माझा बाप झालास, पहिला रेडिओ तूच जोडून दिलास, तू गेलास तर मी कुणाशी बोलू, मला माफ कर. अक्षरशः ढसाढसा रडलो. हीसुद्धा डोळे पुसत होती.

मग दादा म्हणाला, "अरे, आहेस ना? काही बोल की."

हिने माझ्या हाताकडे पाहिलं. "अहो, बटण दाबलंच नाहीत तुम्ही."

घाईघाईने दाबलं. पण बोलायचं सगळं बोलून झालं होतं आणि घसा पार बसला होता.

"दादा," मी म्हणालो, "माझा आवाज कसा येतोय?"