‘लिगाया आल्यावर’

सुव्यवस्थित घर म्हणजे ज्या घरात प्रत्येक वस्तूला स्वतःची जागा असते आणि माणसे उरलेल्या जागेत राहतात. या कसोटीला माबिनी या फिलिपिनो गावातले आमचे घर पूर्णपणे उतरते. खोल्या तीन. एक नानायची, म्हणजे आमच्या आईची. एक माझी. तिसरी माझ्या धाकट्या बहिणीची, लिगायाची. पण लिगाया अकरा वर्षे मिलानमध्ये एका वृद्ध बाईंची देखभाल करत असल्यामुळे त्या खोलीत तिच्याऐवजी तिचे सामान राहत होते. (सामानाने कधीही तक्रार केली नाही. हा गुण माणसांत विरळा.)

सामान तिनेच पाठवलेले. वर्षाला दोन खोके, समुद्रमार्गे. प्रत्येक खोका एवढा, की त्यात मध्यम चणीचा पाद्री उभा मावावा. त्यांची विल्हेवाट लावण्याची आमची कार्यपद्धती निश्चित होती. खाद्यपदार्थ पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढावेत. चादरी, पेले, नाताळचे काचेचे गोळे, चांदण्या आणि तत्सम चांगल्या वस्तू न उलगडता पुन्हा बांधाव्यात. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘लिगाया आल्यावर’ असे लिहावे. लिहिण्याचे काम माझ्याकडे. मी नगरपालिकेचे दप्तर सांभाळतो आणि माझे अक्षर कोणत्याही भावनेने हलत नाही. या पद्धतीमागचे तत्त्व नानायचे: चांगली वस्तू वापरली की ती वापरलेली होते.

नाताळचे झाड मात्र खोक्यात नव्हते. आमच्याकडे नाताळ, रीतीप्रमाणे, एक सप्टेंबरला सुरू होतो. तो संपतो कधी, याबद्दल नियम मोघम आहेत. जानेवारीत बाळ येशूचा उत्सव, तेव्हा झाड हवेच. फेब्रुवारीत त्यावर लाल बदाम शोभतात. उपवासाच्या दिवसांत नानाय त्याला जांभळे कापड पांघरते, मे महिन्यात फुले माळते. उरले तीन महिने. तेवढ्यासाठी झाड उतरवणे म्हणजे पाहुणा फाटकाशी दिसत असताना दार लावून घेणे. शिवाय झाड उतरवून ठेवायच्या जागेवर दरम्यान सतरावा खोका बसला होता. झाड सहा वर्षे उभे आहे.

नाताळच्या आदल्या सायंकाळी गावातून योसेफ आणि मरिया यांची मिरवणूक निघते. ती दोघे दारोदार आसरा मागतात आणि घरमालकांनी खिडकीतून गाऊन ‘जागा नाही’ असे सांगायचे असते. शेवटच्या नकाराचा मान गेली नऊ वर्षे आमच्या घराकडे आहे. नानायइतक्या मनापासून ‘जागा नाही’ कोणी म्हणत नाही, असे खुद्द पाद्रीबाबांचे मत आहे. (त्यात अभिनय नव्हता. तिसऱ्या खोलीत गेल्या खेपेस दोन फरशा मोकळ्या होत्या. मी मोजल्या होत्या.)

गेल्या नाताळात नानाय तिसऱ्या कडव्यावर असताना मिरवणुकीमागे अडकलेल्या गाडीतून एक बाई उतरली आणि बॅग ओढत मरियेच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“नानाय! मी आहे, लिगाया! दार उघडा!”

नानायचा आवाज कापला. पण तिने सूर सोडला नाही.

“थांब गं जरा,” दोन ओळींच्या मधल्या श्वासात ती म्हणाली, “एक कडवं राहिलंय!”

तेही झाले. मग दार उघडले, नानाय रडली, लिगाया रडली, मरिया झालेली मुलगीसुद्धा रडली. शेजारच्या आलिंग पुरिता डोळे पुसत पुढे आल्या.

“अगंबाई, किती गोरी झालीस! परत कधी?”

आमच्या गावात हा प्रश्न नसतो, स्वागत असते. परदेशाहून आलेल्याने एक तारीख सांगायची आणि मग सर्वांनी निर्धास्तपणे जेवायला बसायचे.

“परत नाही,” लिगाया म्हणाली. “बाई वारल्या. मी कायमची आलेय.”

“हो, पण कायमची म्हणजे किती दिवस?”

नानाय भात वाढण्यात गुंतली.

जेवण झाल्यावर लिगाया बॅगेवर बसून मला म्हणाली, “कुया, माझी खोली?” (कुया म्हणजे दादा.)

“आहे की. भरलेली आहे.”

“कशानं?”

“तुझ्यानं.”

ती खोलीच्या दाराशी गेली. खोके छतापर्यंत होते, आणि बावीस ठिकाणी, माझ्या अक्षरात, तिचे नाव.

“‘लिगाया आल्यावर’. बरं, आले मी. उघडा.”

“अगं, आल्यावर म्हणजे नुसतं आल्यावर नव्हे,” नानाय म्हणाली. “नीट आल्यावर.”

नीट येणे म्हणजे काय, याची व्याख्या होईपर्यंत तिची सोय तात्पुरती बैठकीतल्या कोचावर, झाडाशेजारी करण्यात आली. ही व्यवस्था एकोणचाळीस दिवस टिकली. झाडावरचे दिवे बंद होत नसत, कारण त्यांचे बटण तिसऱ्या खोलीत, सतराव्या खोक्यामागे होते. लिगाया आळीपाळीने हिरवी आणि लाल होत झोपत असे. येणारेजाणारे आधी झाडाचे कौतुक करत, मग तिचे, आणि दोन्ही कधी उतरणार याची चौकशी करत.

दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाच्या सकाळी, तिने पाव कापायची सुरी घेतली आणि पहिल्या खोक्याची दोरी कापली.

“अगं, नवीन आहे ते!” नानाय ओरडली.

“अकरा वर्षं जुनं आहे, नानाय.”

आत काचेचे गोळे होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. गुंडाळीच्या आत एक चिठ्ठी. नानायने ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि माझ्याकडे दिली. (तिचा वाचायचा चष्मा पुढे चौदाव्या खोक्यात सापडला.)

मी वाचले: “नानाय, हे यंदाच लावा. फोटो पाठवा.”

दुसऱ्या वर्षाची चिठ्ठी तीच होती. तिसऱ्या वर्षाचीही. सातव्या वर्षापासून ‘यंदाच’ खाली रेघ होती. नवव्या वर्षानंतर चिठ्ठीत फक्त ‘फोटो’ एवढाच शब्द होता. अकरा चिठ्ठ्या वाचताना माझ्या आवाजाने दप्तराची शिस्त पाळली नाही, हे नमूद करतो.

नानायने एक निळा गोळा पदराला पुसावा तसा झग्याला पुसला आणि झाडावर टांगला. मग दुसरा. झाड संपले तेव्हा खिडकीला, पंख्याला, संत अंतोनीच्या मूर्तीच्या हाताला. भर फेब्रुवारीत दुपारच्या उन्हात आमचे घर असे लखलखले, की आलिंग पुरितांनी सप्टेंबर आला की काय ते कॅलेंडरात पाहून घेतले.

“कुया, फोटो काढ,” नानाय म्हणाली. तीही मला आता कुयाच म्हणते.

मी काढला. लिगाया मध्ये उभी होती.

“आता पाठव,” नानाय म्हणाली, आणि तिच्या लक्षात आले.

बहिणीला खोली मिळाली. नेमके सांगायचे तर अर्धी, कारण बावीस रिकामे खोके उरले, आणि चांगला खोका कोणी टाकत नाही. ते घडी करून भिंतीशी रचले. कोणताही साठा नावाविना ठेवायचा नाही, हा नियम, म्हणून मी लेखणी घेऊन नानायला विचारले, काय लिहू? तिने दाराकडे पाहिले. लिगाया अंगणात नव्या चादरी वाळत घालत होती.

“लिही,” नानाय हळूच म्हणाली, “‘लिगाया परत जाताना’.”

“ती जाणार नाहीये, नानाय.”

“लिही तर. असलेलं बरं.”

मी लिहिले. ठळक. संध्याकाळी लिगायाने ते वाचले आणि पलंग फिरवून त्या भिंतीकडे पाय केले.

आम्हाला हसण्याचा आपला अधिकार मान्य आहे. तरी वाचकांपैकी ज्याने ती गाडीतून उतरल्यापासून एकदाही मनात ‘हिची रजा किती?’ असे विचारले नसेल, त्याने पुढे यावे आणि पहिला खोका बाहेर फेकावा. (खोका चांगला असल्यास फेकू नये. आमच्याकडे द्यावा.)