विंत्सुकची गुप्त जागा

पाय मुरगळला तेव्हा विंत्सुकने आधी टोपली सावरली, मग पाय बघितला. टोपली शाबूत होती. पायाचं काही खरं नव्हतं.

न्यू जर्सीतल्या आमच्या बेलारूसी म्हाताऱ्यांना पगार विचारा, बायकोचं वय विचारा, सांगतील. रानात अळंब्या कुठं मिळतात, हे तेवढं विचारायचं नाही. विंत्सुकची ओकच्या झाडांखालची जागा आजवर कुणाला कळली नव्हती. दर पानगळीत चर्चच्या हॉलमध्ये अळंब्यांचं सूप व्हायचं आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या बोरोविक अळंब्या त्याच्या असायच्या. त्या जोरावर तो वर्षभर छाती काढून फिरायचा. शेजारचा रिगोर दोनदा गाडी घेऊन त्याच्या मागावर आला होता. दोन्ही वेळा विंत्सुकने त्याला थेट दातांच्या डॉक्टरच्या दारात नेऊन सोडलं.

त्याने बायकोला फोन लावला.

"तेक्ला, पाय गेला. उभं राहता येत नाहीये."

"अगं बाई! आहेस कुठं?"

विंत्सुकने टोपलीवर पाला ओढला.

"मेल्या, कुठं आहेस ते बोल की!"

"रानात."

"रानात कुठं?"

तेवढ्यात फोनमध्ये तिच्या मागून आवाज आला, "नीट खाणाखुणा विचार हं, वहिनी!" घरी शिडी परत करायला आलेला रिगोर!

"जुन्या दगडखाणीमागं. दलदलीपाशी," विंत्सुकने ठोकून दिलं. तिथं डासांशिवाय काही नव्हतं. मंडळी पोचेपर्यंत काठी टेकत आपणही तिथं जाऊ, असा त्याचा बेत. उठला, पुढच्या झाडापर्यंत गेला आणि मटकन बसला.

बराच वेळ झाला तरी कुणाचा फोन नाही. शेवटी त्यानेच रिगोरला फोनवर गाठलं.

"कुठवर आलात रे?"

"दलदलीत! लेका, एवढा खजिना आमच्यापासून लपवलास?"

"कसला खजिना?"

"बोरोविक! ताटाएवढ्या! तुला शोधायला आलेलं अख्खं चर्च वाकलंय इथं. फादरनी झग्याची झोळी केलीय."

"अरे, पण मी?"

"तुलाही शोधतोय की! ए, ती माझी, हात लावू नकोस! विंत्सुक, तू ओरडत राहा हं." फोन बंद.

विंत्सुकने कपाळावर हात मारला. तोच पाला चुरचुरला. समोर तेक्ला, हातात काठी आणि काखेत टोपली.

"ऊठ."

"तू इथं कशी?"

"चालत."

"मी तर दगडखाण सांगितली होती!"

"म्हणून तर तिकडे गेले नाही. तुला काय आज ओळखते?" तिने नेच्याची पानं बाजूला सारली आणि दोन टपोऱ्या बोरोविक खुडल्या. "बघ, या मी बुधवारी तुझ्यासाठी सोडल्या होत्या, त्याही तुला दिसल्या नाहीत."

"सोडल्या होत्या?"

"दर वेळी सोडते. नाहीतर हॉलमध्ये छाती काढून कशाच्या जोरावर फिरला असतास?"

विंत्सुक तिच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला. चार पावलं लंगडला.

"रिगोरला यातलं काही सांगू नकोस," तो हळूच म्हणाला.

"मी कशाला सांगू? इथला बुधवार माझा, सोमवार त्याच्या बायकोचा. आम्ही केव्हाच वाटून घेतलंय."

आता मात्र विंत्सुकचा पाय खरोखर दुखायला लागला.