रविवारची शंका

कांबळेकाका कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी चपला दाराशी काढायचे, रुमालाला हात पुसायचे आणि स्क्रीनवरच्या पांढऱ्याफटक पुतळ्याला म्हणायचे, "या पावणं. कुठलं गाव?"

पुतळा म्हणजे मोबाईल गेममधलं पात्र. स्वस्तातल्या फोनवरही गेम अडकू नये म्हणून मोजक्या सपाट तुकड्यांत केलेलं, अगदी ओबडधोबड. नाकाला तीन तुकडे, कानाला दोन. मग सुरकुती, शर्टाची घडी, बसलेले गाल हे सगळं नुसत्या रंगाने भासवायचं. माझ्या गावी, राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर माझा क्लास आहे, तिथे मी हे शिकवते. पुण्यातल्या गेमच्या कंपनीने मला काढून टाकलं तेव्हा 'आता आपल्या गावासाठी काहीतरी करणार' असं मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं होतं. दुसरं सांगणार तरी काय? मुलं येतात आणि पंधरा दिवसांत 'मॅडम, हे आता एका क्लिकवर होतं' असं मलाच शिकवून निघून जातात. टिकले ते एकटे काका. वय वर्षं बासष्ट.

काकांची सगळी हयात एका फोटो स्टुडिओत टचिंग करण्यात गेली. फोटोच नसलेला माणूस वारला की घरचे लोक त्याचा मेल्यावर काढलेला फोटो घेऊन यायचे. काका बारीक ब्रशने त्याचे मिटलेले डोळे उघडायचे आणि खाली कोट-टाय चढवायचे. "उभ्या जन्मात ज्यानं सदऱ्याची बटनं लावली न्हाईत, त्यालाबी आम्ही टाय बांधलाय," असं ते सांगायचे.

त्यामुळे हात बसलेला होता. पण खोड अशी, की प्रत्येक पुतळ्याला गाव हवं. मी काम द्यायची 'सैनिक, क्रमांक चार'. काका त्याला इचलकरंजीचा मागवाला करून टाकायचे. "भुवईत कापूस बसलाय बघा. दोन पाळ्या वडून आलाय, डोळं तांबडं हाईत." क्रमांक पाच गगनबावड्याचा. "पावसात हिंडून पाय पांढरं पडल्यात गड्याचं."

मी वैतागून म्हणायची, "काका, हा गेममध्ये तीन सेकंदांत मरतो."

"मरू दे की. पण कुठला हुता ते कळाय नको व्हय?"

आणि चुका! स्टुडिओतल्या सवयीने नाकाच्या एकाच बाजूला सावली. पुतळा फिरवला की सावलीही त्याच्याबरोबर फिरायची आणि गड्याच्या नाकाला काजळी लागल्यासारखी दिसायची. चेहरा अर्धाच रंगवायचा, दुसरी बाजू कॉम्प्युटर उलटून देतो, हे तर मी चार वेळा सांगितलं होतं. तरी काकांनी डाव्या गालावर तीळ काढलाच. तो उजवीकडेही उमटला.

"दोन तीळ! मॅडम, ह्या धंद्यात अर्ध्याच तोंडाचा पगार देत्यात व्हय?"

सगळा क्लास हसला. म्हणजे मी.

अशी प्रत्येक चूक काका वहीत 'शंका' म्हणून लिहून घ्यायचे आणि रविवारी मुलाला फोनवर विचारायचे. मुलगा प्रशिक, बेंगलोरला गेमच्याच कंपनीत. सोमवारी काका रुबाबात यायचे. "प्रशिक म्हणला, सावली नाकाच्या खाली द्यायची." अहो, हेच मी मंगळवारी घसा फोडून सांगितलं होतं! मी शिकवलेलं डोक्यावरून जातं आणि पोराने फोनवर सांगितलेलं चटकन कळतं, याचा मला मनापासून राग यायचा.

एका शनिवारी काका घरी गेल्यावर मी त्यांचं काम तपासायला बसले. दोन तिळांच्या त्या सैनिकाच्या दोन प्रती निघाल्या. पहिली गुरुवारी सेव्ह केलेली, निर्दोष. पुण्यातल्या आमच्या वरिष्ठांना सात जन्मांत असे डोळे जमले नसते. दुसरी शुक्रवारची, तिच्यात तीळ नंतर घातलेला. मी मागच्या महिन्यांचं काम उघडलं. सगळीकडे तेच. आधी बरोबर केलेलं, मग हाताने बिघडवलेलं.

म्हातारा लाजतोय, असं मी ठरवून टाकलं. आत्मविश्वास नाही बिचाऱ्याला. खरं सांगायचं तर माझ्या हाताखाली एकदाचं कुणीतरी तयार झालं होतं आणि ते मिरवायची मला घाई झाली होती. प्रवेशाच्या अर्जावर प्रशिकचा नंबर होता. बरोबर असलेल्या सगळ्या प्रती मी त्याला पाठवल्या आणि खाली लिहिलं, 'तुमच्या वडिलांना शिकवण्यासारखं आता काही उरलं नाही.' आधी अंगठा आला. मग 'वा! सुटलो एकदाचा,' आणि हसरा चेहरा. मी खूश.

सोमवारी काका आले आणि वहीसुद्धा न उघडता बसून राहिले.

"काय झालं काका? काल फोन नाही आला?"

"आलता की. 'बाबा, तुमास्नी आता सगळं येतंय की' म्हणला. अभिनंदन केलं. मग, जेवलासा का? जेवलो. गोळी घेतलीसा का? घेतली. ठेवला."

काकांनी न उघडलेली वही बाजूला सारली.

"ह्याची आई गेल्यापासनं असंच चाललंतं बघा. जेवण, गोळी, ठेवला. मग म्हटलं, पोराचंच काम शिकावं. बरोबर केल्यालं दावलं की 'छान' म्हणायचा, संपलं. चूक दावली की तास-तासभर बोलायचा. 'बाबा, लई मठ्ठ हायसा तुमी' म्हणला एकदा. आठवडाभर बरं वाटलं."

मेला माझा अभिमान. मी माफी मागितली. प्रशिकला पुन्हा काही कळवू का, असंही विचारलं.

"नगं. दावायला म्हणून बोलंल दोन रविवार," काका म्हणाले. "तुमची न्हाय वो चूक. चांगलंच केलासा." मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "मॅडम, दुसरं कायतरी शिकवा. लौकर न येणारं. फकस्त त्ये प्रशिकला येतंय का, तेवढं आधी बघून घ्या."