काळी चारची भानगड

व्यवस्थापन माझ्या रक्तातच आहे! तेहतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. एका गायिकेचं एक वर्ष सांभाळायला असं काय लागतं? निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी मी बायकोला सांगून टाकलं, "आजपासून तुझा मॅनेजर मी!"

"बरं," ती म्हणाली आणि इस्त्रीला द्यायचे कपडे माझ्या हातात ठेवले.

माझी बायको पॉप गायिका आहे. साठी उलटली, तरी स्टेजवर चंदेरी बूट घालून उभी राहते आणि समोरचे लोक खुर्च्या सोडून नाचायला लागतात. त्या वर्षी तर तिला बसायला फुरसत नव्हती. एक्केचाळीस कार्यक्रम, नव्या अल्बमचं रेकॉर्डिंग, दोन जाहिराती. शिवाय तिच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याला चाळीस वर्षं होत होती, म्हणून वर्षाच्या शेवटी मोठा सोहळा. त्या गाण्याच्या शेवटी एक वरचा सूर आहे. लोक तिकीट काढतात ते त्या सुरासाठी. म्हणून वर्षभर तिने ते गाणं कुठेच गायलं नव्हतं, सोहळ्यासाठी राखून ठेवलं होतं. वर एका मुलाखतीत बोलून बसली होती, "ज्या दिवशी तो सूर मूळ पट्टीत लागणार नाही, त्या दिवशी माझं गाणं बंद!"

बँकेच्या वेळा सांभाळण्यात मी तिचा सकाळचा रियाज कधी ऐकलाच नव्हता. आता चहाचा कप घेऊन ऐकायला लागलो. ते गाणं मस्त चढत जायचं आणि तो सूर आला की बाई नुसतं बोट वर करायची. आवाज बंद! मग पुढची ओळ सुरू. एक दिवस झाला, दोन झाले, आठवडा झाला. रोज बोट वर, सूर गायब! सूर गेला होता, आणि बिचारी कोणाला सांगत नव्हती.

तिचं गाणं थांबलं तर तिचं काय होईल, हा विचार मला नंतर सुचला. आधी वाटलं, माझं काय होईल? ही बाई कपाट आवरतानाही गुणगुणते. त्या आवाजाशिवाय हे घर मला खायला उठलं असतं.

मी तडक मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणजे तिचे कीबोर्डवाले, पंचवीस वर्षांपासूनचे. तिला ताई म्हणतात आणि मला भाऊजी. साथीला हे आणि एक ड्रमवाला. बाकी सगळी वाद्यं मास्तरांच्या त्या यंत्रातच भरलेली.

"मास्तर, मूळ पट्टी कोणती?"

"काळी चार."

"ती खाली आणायची. तिला कळता कामा नये."

"भाऊजी, ताई मला उभा सोलतील!"

"सूर लागला नाही तर गाणं सोडेल ती. मग तुम्ही कोणासाठी वाजवणार?"

मग मास्तरांनी मला यंत्रावरची दोन बटणं दाखवली, एक वजाचं, एक अधिकचं. वजाचं दोनदा दाबलं की काळी चारची काळी तीन होते, म्हणजे अख्खं गाणं खाली उतरतं. गंमत अशी, की मास्तरांची बोटं त्याच जुन्या पट्ट्यांवर फिरतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. मी म्हटलं, वा! याला म्हणतात व्यवस्थापन!

पहिल्याच तालमीत दुसऱ्या ओळीला ती थांबली. "मास्तर, पट्टी कोणती?"

"काळी चार, ताई," मास्तर चपलांकडे बघत म्हणाले.

तिने जवळ येऊन त्यांची बोटं बघितली. ती काळी चारवरच होती. घरी येताना गाडीत एकदम म्हणाली, "अहो, मला गाणं खाली ऐकू येतंय. माझे कान गेले."

"अगं, दमली असशील!"

"दमल्यावर पाय दुखतात. पट्टी उतरत नाही!"

दुसऱ्या दिवशी आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे. मॅनेजर या नात्याने फाइल मी धरली होती. डॉक्टरांनी तासभर तपासलं आणि हात जोडले. "बाई, कान ठणठणीत आहेत. माझ्या पंख्याचं एक पातं वाकलंय हे तुम्ही आल्याआल्या नुसत्या आवाजावरून सांगितलंत. मी इथे चार वर्षं बसतोय, मला कळलं नव्हतं!"

मला हायसं वाटलं. तिचा चेहरा मात्र पडला. "कान चांगले आहेत, म्हणजे बिघाड डोक्यात आहे," ती जिना उतरताना म्हणाली. "ठरलं. सोहळ्यात शेवटचं गाणं झालं, की मी थांबते असं जाहीर करणार."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! ज्याची भीती होती ते मीच ओढवून आणलं होतं. आठ दिवस मी कबुली द्यायचा प्रयत्न करत होतो.

"अगं, एक सांगायचंय..."

"आधी इस्त्रीचे कपडे आणा."

कपडे आणेपर्यंत माझं धैर्य संपायचं.

सोहळ्याचा दिवस उजाडला. सभागृह गच्च! शेवटच्या गाण्याआधी ती प्रेक्षकांशी बोलत होती आणि मास्तर विंगेत पाणी प्यायला गेले होते. हीच संधी! मी वाकून स्टेजच्या मागच्या बाजूने सरकलो आणि अधिकचं बटण दोनदा दाबलं. दोनदा खाली, दोनदा वर, हिशेब चुकता. होऊ दे तिची काळी चार परत. सूर लागला तर लागला, निदान डोकं ठिकाणावर आहे हे तरी तिला कळेल.

विंगेत परतलो तर मास्तर तोंड पुसत होते. "भाऊजी, मनाला टोचणी लागली हो. दुपारीच येऊन मी पट्टी मूळ जागेवर आणली."

"काय?"

ते न ऐकताच मास्तर स्टेजवर गेलेसुद्धा. सुरुवातीचा तुकडा वाजला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. काळी पाच! चाळीस वर्षांत ज्या उंचीवर ती कधी गेली नव्हती, तिथून गाणं सुरू झालं होतं. आता मध्येच बटण दाबावं तर सगळ्या सभागृहाला कळणार!

तिने एकदाच मास्तरांकडे पाहिलं. मग विंगेत माझ्याकडे. माझा चेहरा बघून तिला बहुतेक सगळंच समजलं. ती चक्क हसली! आणि गायला लागली.

गाणं चढत गेलं. तो सूर आला. तिने बोट वर केलं. पण या वेळी बोटाबरोबर सूरही वर गेला, असा स्वच्छ आणि असा लांब, की ड्रमवाला वाजवायचं विसरला. लोक उभे राहिले. मी विंगेतल्या खोक्यावर बसून ढसाढसा रडलो. तिने थांबण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

घरी आल्यावर चंदेरी बूट काढत ती म्हणाली, "अहो, घरात आणि तालमीत तो सूर मी कधीच लावत नाही. गळा स्टेजसाठी राखायचा असतो. तिथे नुसतं बोट वर करायचं. इतक्या वर्षांत तुम्हाला माहीत नाही?"

"मी बँकेत असायचो ना!"

"आता घरी असता, तेच तर अवघड झालंय." मग तिने माझं पद ठरवून टाकलं. मॅनेजरकी बंद. यंत्राला हात लावायचा नाही. माझ्याकडे फक्त पाण्याची बाटली.

मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली घेऊन मी रियाजाला हजर! गाणं चढत गेलं, तो सूर आला आणि तिने बोट वर केलं. आवाज बंद. आता मी जाणकार झालो होतो. डोळे मिटले, ती शांतता मनसोक्त ऐकली आणि मनापासून मान डोलावली. "वा!"

पाठीत गुद्दा बसला.

"अहो, डोलताय काय?" ती कशीबशी खोकत म्हणाली. "ठसका लागलाय! पाणी!"