पडण्याचा मान

नत्थूजींनी पडायचं ठरवलं ते दुपारच्या चहाच्या वेळी, पूर्ण शुद्धीवर असताना.

म्हातारपणी माणसं पडतात, पण ठरवून कोणी पडत नाही. नत्थूजींचा मात्र नाइलाज होता. बाबनराव आधीच पडले होते.

जरीपटक्याजवळच्या त्या वृद्धाश्रमात दोघांच्या खाटा शेजारीशेजारी. नत्थूजी एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. पारशिवनीच्या रस्त्यावर सारी नोकरी उभ्यानं काढली, पण चालत्या गाडीत कधी तोल गेला नाही. बाबनराव कापडाच्या दुकानात गादीवर बसून म्हातारे झालेले. असा बसका माणूस एक दिवस डुगडुगत्या स्टुलावरून पडला, कमरेला मुका मार लागला आणि त्याचं नशीबच उघडलं. डॉक्टरांनी व्यवस्थापिका शोभाताईंना फैलावर घेतलं. स्टूल कोठीत गेलं आणि बाबनरावांना सागवानी खुर्ची आली. रुंद पायांची, धरायला हात असलेली, पाठीला उशी.

नत्थूजींनी खुर्ची सहन केली असती. (उशीही केली असती, थोडी कुरकुर करून.) पण आश्रमात चहा-दूध बघणाऱ्या रामटेकच्या गोदूबाई, ज्या आजवर चहाचा पहिला कप नत्थूजींना देत, त्या आता तो थेट खुर्चीपाशी नेऊ लागल्या. वर म्हणायच्या, "उठू नका गा बाबनराव, मी आणून राहिली ना." एवढ्या गोड आवाजात त्या नत्थूजींशी एकदाच बोलल्या होत्या, आणि तेव्हाही कप विसळून ठेवा एवढंच म्हणाल्या होत्या.

त्या रात्री नत्थूजींना झोप लागली नाही. बाबनराव मात्र घोरत होते, तेही मार लागलेल्या माणसाच्या ऐटीत.

दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी कोठीतून ते स्टूल गुपचूप आणलं. खिडकीपाशी मांडलं. डाव्या बाजूला सतरंजीची चौपदरी घडी घातली, कारण पडायचं होतं, मोडायचं नव्हतं. गोदूबाईंच्या कपबश्या वाजू लागल्या तसे ते स्टुलावर बसले आणि डावीकडे कलले. पण कंडक्टरचा हात तो. तोल जाताच त्यानं खिडकीचा गज पकडला. पुन्हा कलले, पुन्हा गज. स्वतःच्याच हाताचा त्यांना इतका राग आला की त्याला त्यांनी एक चापट मारली.

मग वाटलं, सतरंजी जरा सरकली आहे. ती नीट करायला वाकले, तेवढ्यात स्टुलाचा पाय खरोखरच निसटला आणि नत्थूजी उजवीकडे, थेट फरशीवर आपटले.

दुखणं खरं होतं. क्षणभर पाय हलेचना, तेव्हा चहा, खुर्ची, गोदूबाई सगळं डोक्यातून गेलं, आणि आता आपण कायमचे अंथरुणात, या भीतीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची हाक ऐकून पहिले धावत आले ते बाबनराव, लंगडत, खुर्ची सोडून.

हाड शाबूत होतं, घोटा तेवढा सुजला. शोभाताईंनी स्टुलाकडे पाहिलं.

"नत्थूजी, हे तं मी कोठीत टाकलं होतं. इथं कसं आलं?"

"मले काय मालूम," नत्थूजी म्हणाले.

"सतरंजीले घेऊन आलं असन," गोदूबाई शांतपणे म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, हे गृहस्थ पडणाऱ्यांपैकी आहेत, यांना उंचावर ठेवू नका. शोभाताईंनी सुतार बोलावला. नत्थूजी नव्या खुर्चीची वाट पाहत बसले, आणि सुतारानं त्यांच्या खाटेचे पाय कापून टाकले.

आता खाट जमिनीपासून वीतभर. तिच्यावरून पडणं अशक्य, पण उठणंही अशक्य. सकाळी कोणाला तरी दोन्ही हात धरून ओढावं लागे. ते काम बाबनरावांनी आनंदानं पत्करलं, आणि त्यात त्यांची कंबरही मोकळी झाली.

एका सकाळी गोदूबाई हळद घातलेल्या गरम दुधाचा पेला घेऊन खाटेपाशी आल्या. नत्थूजींचं मन भरून आलं. शेवटी आपल्या घोट्याची कोणाला तरी कदर होती. त्यांनी खालूनच हात वर केला.

"तुमाले नाही गा," गोदूबाई घाईनं म्हणाल्या. "बाबनरावले आहे. तुमाले उचलू उचलू थकून राहिले बिचारे."